मिनिप्रेप झालं, पण जेलवर प्लाझमिड दिसत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मिनिप्रेप म्हणजे जिवाणूंच्या थोड्या कल्चरमधून प्लाझमिड, म्हणजे गुणसूत्रापासून वेगळा असलेला छोटा वर्तुळाकार डीएनए, बाहेर काढणं. त्याला तीन द्रावणं लागतात: एक पेशी मोकळ्या करायला, दोन (सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आणि एसडीएस हा साबण) त्या फोडायला, तीन अल्कली मारायला. मिळालेला डीएनए मग जेलवर विजेने पळवून बघतात.

आधी लक्षणं नीट ओळखा. प्रत्येक लक्षण वेगळ्या पायरीकडे बोट दाखवतं.

- लॅडर (माहीत असलेल्या लांबीच्या डीएनए तुकड्यांची मोजपट्टी) छान सुटलेली आहे, पण सॅम्पलच्या रांगेत काहीच नाही.
- खाली डायच्या आसपास धुरकट लोळ आहे, वर बँड नाही. तो लोळ आरएनएचा.
- वेलच्या (जेलमधल्या सॅम्पल भरायच्या खाचेच्या) तोंडाशी जाड पट्टी आणि तिथून खाली ओढल्यासारखा पट्टा. हा गुणसूत्राचा तुटलेला डीएनए.
- बँड आहे, पण नेहमीच्या सुपरकॉइलच्याही (घट्ट पिळलेल्या प्लाझमिडच्याही) पुढे पळालेला, आणि कुठल्याच एन्झाइमने कापला जात नाही.
- सॅम्पल वेलमध्ये बसत नाही, तरंगून बाहेर येतं.
- मार्च ते नोव्हेंबर सगळं व्यवस्थित, डिसेंबर लागला की वर्गात कुणालाच बँड मिळत नाही.

शेवटचं लक्षण नाशिकमध्ये हमखास दिसतं. त्याचा उलगडा पुढे द्रावण दोनच्या तपासणीत आहे.

खालचा क्रम फुकटातल्या तपासणीपासून खर्चिक तपासणीकडे जातो. नवीन किट मागवण्याआधी निदान पहिल्या चार पायऱ्या तरी करा. दहातली बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात.

एक साक्षीदार ट्यूब

तुमच्या सॅम्पलसोबत दरवेळी एक ट्यूब डीएच५ अल्फा या प्रयोगशाळेतल्या ई. कोलाय स्ट्रेनमधल्या पीयूसी१९ या प्लाझमिडची लावा. तेच द्रावण, तेच हात, तोच सेंट्रिफ्यूज. पीयूसी१९ आलं आणि तुमचं आलं नाही, तर द्रावणांना दोष देऊ नका. गडबड तुमच्या कल्चरमध्ये किंवा प्लाझमिडमध्ये आहे. दोन्ही आलं नाही, तर कल्चर सोडा आणि द्रावणं बघा. या एका ट्यूबने अर्धा शोध वाचतो, आणि तीच ट्यूब सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते.

पहिली तपासणी: जेल खरं बोलतंय का

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. लॅडरच दिसत नसेल तर मिनिप्रेपबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. वायर उलट लागली असेल तर डीएनए वेलमधून मागे पळतो. तो धन टोकाकडे, म्हणजे लाल वायरकडे जायला हवा. इथिडियम ब्रोमाइड दर मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम पुरतं, पण जेल ओतताना ते घालायचं राहून गेलं का, हे आधी विचारा.

न कापलेलं प्लाझमिड एका रेघेत येत नाही. घट्ट पिळलेलं सुपरकॉइल पुढे पळतं, एका धाग्याला चीर पडलेलं सैल वर्तुळ मागे रेंगाळतं, आणि पूर्ण तुटून सरळ झालेलं या दोघांच्या मध्ये बसतं. पीयूसी१९ची लांबी २६८६ बेसजोड्या आहे, पण त्याचं सुपरकॉइल सरळ डीएनएच्या लॅडरवर २६८६च्या बरंच पुढे दिसतं. त्यामुळे न कापलेल्या नमुन्यावरून ‘आकार चुकलाय’ असा निष्कर्ष काढू नका. आधी इकोआरवनने एकदा कापा, मग मोजा.

स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आकड्यावरही पटकन विसंबू नका. दीड मिलि कल्चरमधून पीयूसी१९ साधारण ५ ते ७ मायक्रोग्रॅम मिळतं. ते ५० मायक्रोलिटरमध्ये विरघळवलं तर मायक्रोलिटरला १०० ते १४० नॅनोग्रॅम. यंत्र १५०० दाखवत असेल आणि जेलवर फक्त खालचा लोळ असेल, तर तुम्ही आरएनए मोजलाय. २६० नॅनोमीटरला आरएनए आणि डीएनए दोन्ही प्रकाश शोषतात. यंत्राला त्यांच्यातला फरक कळत नाही.

दुसरी तपासणी: ॲम्पिसिलिन जिवंत आहे का

साध्या, प्लाझमिड नसलेल्या डीएच५ अल्फाची एक रेघ तुमच्या ॲम्पिसिलिन प्लेटवर ओढा आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी वाढ दिसली तर प्लेटमध्ये ॲम्पिसिलिन उरलेलं नाही. एक प्लेट, एक रात्र, बाकी खर्च काही नाही.

हे एवढं महत्त्वाचं का? प्लाझमिड म्हणजे जिवाणूच्या डोक्यावरचं ओझं. त्याची नक्कल काढायला ऊर्जा लागते, माल लागतो. विभाजन होताना एखाद्या पेशीच्या वाट्याला प्लाझमिड आलंच नाही, तर ती हलकी झालेली पेशी भरभर वाढते आणि काही तासांत बाकीच्यांना मागे टाकते. तिला रोखून धरतं ते फक्त ॲम्पिसिलिन. १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेतलं गेलं ते प्लाझमिडच्याच जिवावर, आणि मोठ्या फर्मेंटरमध्येसुद्धा प्लाझमिड गळून जाण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. तुमच्या पाच मिलिच्या टेस्ट ट्यूबमध्ये घडतं ते हेच.

त्यातही ॲम्पिसिलिनचं एक वैगुण्य आहे. प्रतिकारक पेशी बीटा-लॅक्टमेज बाहेर सोडतात आणि भोवतालचं औषध फोडून टाकतात. म्हणून मोठ्या कॉलनीभोवती बारीक बारीक उपग्रह कॉलनी उगवतात, आणि त्यांच्यात प्लाझमिड नसतं. मिनिप्रेपसाठी त्यातली एखादी उचलली की रात्रभर कल्चर गढूळ होतं, पेलेट (सेंट्रिफ्यूजनंतर तळाला बसलेला गोळा) भरघोस येते, बँड मात्र शून्य. मोठी, एकटी, ताजी कॉलनीच उचला. प्लेट १६ ते १८ तासांत बाहेर काढा आणि द्रव कल्चर १२ ते १६ तासांवर थांबवा. शनिवारी लावून सोमवारी काढलेलं कल्चर मिनिप्रेपला घेऊ नका.

स्टॉक दर मिलिला १०० मिलिग्रॅम, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेला, एकेक मिलिच्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० अंशांवर. माध्यमात दर मिलिला १०० मायक्रोग्रॅम पडला पाहिजे. अगार ५० अंशांवर आल्यावर, म्हणजे फ्लास्क तळहाताला सोसवेल इतका निवल्यावर, स्टॉक घाला. उकळत्या अगारमध्ये घातलेलं ॲम्पिसिलिन तिथेच बाद होतं. प्लेट चार अंशांवर ठेवा आणि महिन्याच्या आत वापरा. मे महिन्यात लाइट जाऊन फ्रीज दुपारभर बंद राहिला असेल, तर त्या प्लेट पुन्हा वरच्या रेघेच्या चाचणीतून काढा.

औषधाच्या दुकानातून आणलेलं ॲम्पिसिलिन वापरायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, त्यात तीन खाचखळगे आहेत. कॅप्सूलमध्ये ट्रायहायड्रेट असतं; ते पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे १०० मिलिग्रॅमचा स्टॉक बनतच नाही, तळाला गाळ राहतो. पुष्कळ कॅप्सूलमध्ये सोबत क्लॉक्सासिलिन असतं, मग तुमचं माप चुकतं. तिसरा खड्डा सगळ्यात खोल: काही इंजेक्शनमध्ये सुलबॅक्टम मिसळलेलं असतं. ते बीटा-लॅक्टमेजलाच जखडून ठेवतं, त्यामुळे प्लाझमिड असलेल्या पेशीही मरतात आणि प्लेटवर काहीच उगवत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाची सोडियम ॲम्पिसिलिनची पूड घ्या, वाद मिटतो.

तिसरी तपासणी: द्रावण दोन

हिवाळ्यातल्या अपयशाचं मूळ इथे आहे. बाटली उजेडासमोर धरा. द्रावण पाण्यासारखं नितळ हवं. आत बर्फाच्या भुग्यासारखे पांढरे कण तरंगत असतील, किंवा तळाला साय बसल्यासारखं दिसत असेल, तर एसडीएस बाहेर पडलाय. २० अंशांच्या खाली तापमान गेलं की तो गोठायला लागतो. निफाडकडे पारा उतरला की शहरातल्या बंद, उत्तरमुखी खोल्या सकाळी दहापर्यंत गारच असतात, आणि नेमकं साडेनऊलाच प्रात्यक्षिक सुरू होतं. वरचं नितळ पाणी पिपेटमध्ये आलं तर त्यात सोडा आहे, साबण नाही. पेशी फुटतच नाहीत.

उपाय साधा: बाटली ३७ अंशांच्या पाणबाथमध्ये दहा मिनिटं ठेवा, हलक्या हाताने फिरवा, नितळ झाली की वापरा. द्रावण एक आणि तीन बर्फात चालतात, दोन कधीच नाही. तिन्ही बाटल्या एकाच बर्फाच्या डब्यात खोचून ठेवायची पद्धत आजच बंद करा.

नितळ असूनही काम होत नसेल तर सोडा शिळा आहे. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि हळूहळू कार्बोनेट होतं. ताकद गेल्याचं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून द्रावण दोन त्याच दिवशी बनवा. दहा मिलिसाठी आधी पाणी ८.८ मिलि, मग १० नॉर्मल सोडा ०.२ मिलि, ढवळून झाल्यावर शेवटी १० टक्के एसडीएस १ मिलि. क्रम बदलून तीव्र सोडा थेट एसडीएसवर ओतला की गाठी होतात. सोड्याचा स्टॉक घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा.

बाकीची दोन द्रावणं सहसा दगा देत नाहीत. द्रावण एक: ५० मिलिमोलर ग्लुकोज, २५ मिलिमोलर ट्रिस पीएच ८, १० मिलिमोलर ईडीटीए. ग्लुकोज असल्याने त्यात बुरशी धरते, गढूळ दिसलं की फेकून द्या. द्रावण तीन, १०० मिलिसाठी: ५ मोलर पोटॅशियम ॲसिटेट ६० मिलि, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ११.५ मिलि, पाणी २८.५ मिलि. सगळ्याला डबल डिस्टिल्ड पाणी. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या डिस्टिलेशनच्या काचेवर पांढरा थर चढला असेल तर आधी तो काढा.

चौथी तपासणी: हात

१९७९ साली बर्नबोइम आणि डोली यांनी मांडलेली ही पद्धत एका साध्या फरकावर उभी आहे. अल्कलीमध्ये, म्हणजे द्रावण दोनच्या सोड्यात, डीएनएचे दोन्ही धागे सुटतात. गुणसूत्र ४६ लाख बेसजोड्यांचं. त्याचे तुकडे एकदा विस्कटले की पुन्हा जोडी जमत नाही. प्लाझमिडचे दोन धागे मात्र साखळीच्या दोन कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले असतात, दूर जाऊच शकत नाहीत. द्रावण तीनने अल्कली मारली की ते झटक्यात जुळतात, आणि गुणसूत्र साबण-प्रथिनांच्या पांढऱ्या गोळ्यात अडकून खाली बसतं. हे डोक्यात ठेवलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

दीड मिलि कल्चरची पेलेट १०० मायक्रोलिटर द्रावण एकमध्ये पूर्ण मोकळी करा. इथे व्होर्टेक्स (ट्यूब जोरात घुसळणारं यंत्र) चालतं, गाठ राहू देऊ नका. गाठीच्या आतल्या पेशींना सोडा पोचत नाही. द्रावण दोन २०० मायक्रोलिटर घातल्यावर मात्र व्होर्टेक्सला हातही लावायचा नाही. ट्यूब पाच-सहा वेळा सावकाश उलटसुलट करा. गढूळपणा जाऊन द्रव स्वच्छ होतो आणि टिप उचलली की भेंडी चिरताना सुटते तशी तार येते. तार आली म्हणजे पेशी फुटल्या. तार आली नाही तर पुढे जाऊ नका, मागची तपासणी पुन्हा करा. जोरात हलवलं तर गुणसूत्राचे बारीक तुकडे होतात, ते गोळ्यात अडकत नाहीत आणि वेलच्या तोंडाशी पट्टी होऊन बसतात.

घड्याळ लावा: अल्कलीत पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. बारा ट्यूब असतील तर पहिलीला बारावीइतकाच वेळ मिळेल असं बघा, नाहीतर चार-चारच्या तुकडीत करा. जास्त वेळ राहिलेल्या प्लाझमिडचे धागे नीट जुळत नाहीत, ते चुरगळून घट्ट होतं. तोच तो पुढे पळालेला, न कापला जाणारा बँड.

द्रावण तीन १५० मायक्रोलिटर. उलटसुलट केल्यावर फाटलेल्या दुधासारखा चोथा दिसला पाहिजे. बर्फात पाच मिनिटं, मग १२,००० आरपीएमला पाच ते दहा मिनिटं. वरचा द्रव घेताना चोथ्याचा एक कणही टिपमध्ये येऊ देऊ नका. ५० मायक्रोलिटर मागे राहिला तरी चालेल.

पाचवी तपासणी: अल्कोहोल आणि पेलेट

४०० मायक्रोलिटर द्रवाला २८० मायक्रोलिटर आयसोप्रोपॅनॉल, खोलीच्या तापमानाला. थंड करून तासभर ठेवलं तर मीठही सोबत बसतं. आयसोप्रोपॅनॉलनंतरची पेलेट काचेसारखी पारदर्शक असते, दिसत नाही म्हणून ओतून दिली जाते. ट्यूब ठेवतानाच झाकणाची बिजागरी रोटरच्या बाहेरच्या बाजूला करा. पेलेट बिजागरीखालीच असणार.

धुवायला ७० टक्के इथेनॉल, एक मिलि. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरॉल असतं. धुतल्यावर पुन्हा दोन मिनिटं फिरवा, उरलेला थेंब बारीक टिपने काढा, दहा मिनिटं उघडी ठेवा. अल्कोहोल राहिलं की सॅम्पल वेलमधून वर तरंगतं आणि एन्झाइमही नीट कापत नाही. उलट, हीटिंग ब्लॉकवर खडखडीत वाळवलेली पेलेट विरघळायला तयार होत नाही. ५० मायक्रोलिटर टीईमध्ये (ट्रिस-ईडीटीए द्रावणात) दर मिलिला २० मायक्रोग्रॅम आरनेझ ए, म्हणजे आरएनए फोडणारं एन्झाइम, घाला, ३७ अंशांवर वीस मिनिटं. खालचा लोळ जातो. आरनेझच्या जुन्या स्टॉकमध्ये डीएनेझ, म्हणजे डीएनए फोडणारं एन्झाइम, असू शकतं. १०० अंशांवर पंधरा मिनिटं उकळलं की डीएनेझ मरतं आणि आरनेझ टिकतं.

सहावी तपासणी: प्लाझमिड आणि स्ट्रेन

इथवर सगळं ठीक, साक्षीदार ट्यूबही ठीक, आणि तरी बँड फिकट? मग प्रती मोजा. पीयूसी१९च्या एका पेशीत ५०० ते ७०० प्रती, पीबीआर३२२च्या १५ ते २०, पीएससी१०१च्या जेमतेम पाच. ६०० गुणिले २.७ हजार म्हणजे पेशीमागे सुमारे १६ लाख बेसजोड्या. पीबीआर३२२ ४३६१ बेसजोड्यांचं, १८ प्रती धरल्या तर अठ्ठ्याहत्तर हजार. वीसपट फरक! पीबीआर३२२चा बँड फिकट दिसणं हा बिघाड नाही, हिशोब आहे. दहा मिलि कल्चर घ्या आणि द्रावणंही त्याच पटीत वाढवा. किंवा वाढीच्या मध्यावर दर मिलिला १७० मायक्रोग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घालून रात्रभर ठेवा: प्रथिननिर्मिती थांबते, गुणसूत्राची नक्कल थांबते, पीबीआर३२२ची मात्र चालू राहते.

स्ट्रेन बघा. डीएच५ अल्फामध्ये एंडए हे डीएनए चिरणारं एन्झाइम निकामी केलेलं आहे. बीएल२१ आणि एचबी१०१मध्ये ते शाबूत आहे. त्यांच्यातून काढलेलं प्लाझमिड फ्रीजमध्ये दोन दिवसांत विरत गेलं तर नवल नाही. प्लाझमिड साठवायचं ते डीएच५ अल्फामध्ये, बीएल२१ फक्त प्रथिन बनवायला.

जुनी प्लेट पुन्हा पुन्हा रेघाटून चालवत असाल तर ती थांबवा. उरलेला एखादा मायक्रोलिटर डीएनए ताज्या कॉम्पिटंट (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या) पेशींत घाला: बर्फात तीस मिनिटं, ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा बर्फात दोन मिनिटं, एलबी माध्यमात तासभर, मग प्लेट. आलेल्या कॉलनीपासून १५ टक्के ग्लिसरॉलचा स्टॉक करून उणे ८० अंशांवर ठेवा.

गोदावरीचे नमुने: इथे वेगळं गणित

एमएस्सीच्या प्रकल्पांत रामकुंडाचं किंवा नाल्याचं पाणी, द्राक्षबागेतली माती, मुळांवरच्या गाठी यांतून जिवाणू वेगळे करून ‘प्लाझमिड काढा’ असं काम बरेचदा दिलं जातं. वरची कृती तशीच लावली की जेल कोरं येतं आणि विद्यार्थी महिनाभर द्रावणं बदलत बसतात.

पहिली गोष्ट, ॲम्पिसिलिनवर वाढला म्हणजे प्लाझमिड आहेच असं नाही. क्लेब्सिएला आणि स्यूडोमोनाससारख्यांच्या गुणसूत्रातच तो प्रतिकार असतो. दुसरी, प्रतिकाराची नैसर्गिक प्लाझमिडं बरेचदा लाखभर बेसजोड्यांची आणि पेशीत एक-दोनच प्रती. पीयूसी१९च्या साधारण दहावा हिस्सा माल, तोही इतका लांब की पिपेटच्या बारीक तोंडातून जातानाच तुटतो, आणि एक टक्का जेलवर गुणसूत्राच्या पट्टीतच मिसळून जातो. जेल ०.६ किंवा ०.७ टक्क्याचं घ्या, कमी व्होल्टला जास्त वेळ चालवा, टिपचं टोक कापून रुंद करा, शेजारी माहीत असलेलं मोठं प्लाझमिड लावा.

रायझोबियमची प्लाझमिडं त्याहून मोठी, काही लाख बेसजोड्यांची. द्राक्षवेलीवर गाठ आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियमचं टीआय प्लाझमिड सुमारे दोन लाखांचं. त्यांना मिनिप्रेप लागू पडतच नाही. पेशी वेलमध्येच फोडण्याची एकहार्टची १९७८ सालची पद्धत वापरा. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू असेल तर द्रावण एकमध्ये लायसोझाइम लागेल, आणि स्टॅफिलोकॉकसला लायसोझाइमही पुरत नाही, लायसोस्टॅफिन लागतं. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात ग्रॅम स्टेन करा. स्लाइड रुपयांत होते, चुकीची पद्धत महिने खाते.

कुठे थांबायचं

साक्षीदार ट्यूब सलग तीन वेळा आली, तुमचं प्लाझमिड ताज्या ट्रान्सफॉर्मेशननंतरही (नव्या पेशींत घातल्यावरही) आलं नाही किंवा कापल्यावर तुकड्यांचे आकार नकाशाशी जुळत नाहीत, तर हात थांबवा. आतला भाग गळलाय किंवा उलटसुलट झालाय, हे मिनिप्रेपने कळणार नाही. सिक्वेन्सिंगला पाठवा, सोबत डीएनएची मात्रा, प्रायमरचं नाव आणि जेलचा फोटो द्या. स्ट्रेनच संशयास्पद असेल तर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसीसारख्या अधिकृत संग्रहातून नवीन कल्चर मागवा. ओळखीच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या प्लेटवर पुन्हा तोच खेळ होतो.

रुग्णालयातल्या नमुन्यातलं, कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांना न जुमानणारं प्लाझमिड प्रयोगशाळेतल्या ई. कोलायमध्ये घालायचा विचार असेल तर सुरुवातच करू नका. आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९चे नियम त्यासाठीच आहेत. सिंकमध्ये ओतलेली एक ट्यूब नाल्यात जाते, आणि असली पुष्कळ प्लाझमिडं एका जिवाणूतून दुसऱ्यात आपली आपण जातात.

सेंट्रिफ्यूज १२,००० आरपीएमला थरथरत असेल, वास येत असेल, रोटरवर केसाइतकी रेघ दिसत असेल, तर तो त्याच क्षणी बंद करून कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. सातपूर-अंबडला उत्तम वेल्डिंग होतं, पण रोटरला वेल्डिंग करून घ्यायचं नसतं. यूव्ही ट्रान्सइल्युमिनेटरची ढाल तडकली असेल तर नवीन येईपर्यंत जेल बघणं बंद. इथिडियम ब्रोमाइडची जेल ओल्या कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या डब्यात साठवा, वर नाव आणि तारीख लिहा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेच्या हवाली करा.